अरुंधती दाखवतात ती एकमेकांभोवती फिरण्यासाठी नाही

लग्नाचा सीझन आला की तो मेसेज हमखास येतो, या वेळी आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी टाकला. म्हणे बाकी सगळ्या जोडताऱ्यांत एक तारा जागेवर उभा असतो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो, फक्त सप्तर्षींतले अरुंधती-वसिष्ठ दोघं एकमेकांभोवती फिरतात, हे ऋषींना ठाऊक होतं म्हणून नवरा-नवरीला दाखवतात, नासानेही मान्य केलंय, आणि ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो. मामांशी फोनवर बोललोच, पण मेसेज अजून फिरतोय म्हणून इथे लिहितो.

पहिलं म्हणजे जागेवर उभा राहणारा तारा कुठल्याच जोडीत नसतो. दोघंही मधल्या सामाईक बिंदूभोवती फिरतात, जडाची फेरी लहान, हलक्याची मोठी, फरक एवढाच. व्याध ताऱ्याचंच बघा ना, त्याचा जोडीदार इतका मंद की साध्या डोळ्यांना दिसतच नाही, तरी त्याच्या ओढीने व्याध हलतो, आणि ते हलणं मोजूनच बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये सांगितलं की इथे अजून कोणीतरी आहे. तो प्रत्यक्ष दिसला १८६२ मध्ये.

दुसरं, अरुंधती आणि वसिष्ठ आपल्यापासून ८० च्या आसपास प्रकाशवर्षं लांब आहेत आणि त्यांच्या दोघांतच निदान पाव प्रकाशवर्ष अंतर आहे. एकमेकांभोवती फिरत असले तरी एका फेरीला लाखो वर्षं लागतील, आणि ते खरंच फिरतात का यावर अजून पक्का निकाल लागलेला नाही. मग नुसत्या डोळ्यांनी ते कोणाला कसं कळणार? खरी फिरणारी जोडी वसिष्ठाच्या आतच आहे, छोट्या दुर्बिणीतून वसिष्ठ एकाचे दोन दिसतात आणि त्या दोघांतला प्रत्येक पुन्हा जोडतारा आहे, हे वर्णपटावरून, म्हणजे त्यांचा प्रकाश रंगांत फोडून बघितल्यावर कळलं, पहिल्याचं १८८९ मध्ये. अरुंधतीचाही एक मंद सोबती २००९ मध्ये सापडला. म्हणजे सगळे मिळून सहा.

नासाचं म्हणाल तर मेसेजमध्ये ना तारीख ना लिंक.

आता मरणाचं, याचा मला खरंच राग येतो. आजीने मला मे महिन्यात गच्चीवर सप्तर्षी दाखवले होते, आधी शेपटीचं टोक मरीची, मग आतला ठळक वसिष्ठ, "त्याच्यावरच नजर ठेव, आता त्याला चिकटून बघ", आणि ती बारीक अरुंधती दिसली. पुढे तिलाच ती दिसेना तर बाई घाबरून दोन दिवस जेवली नाही. मोतीबिंदू होता! ऑपरेशन झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात तिनेच मला हाक मारून दाखवली. अरुंधती चौथ्या प्रतीची, म्हणजे तशी मंदच आहे, शहराच्या उजेडात धडधाकट माणसालाही दिसत नाही, आणि डिसेंबरच्या लग्नात संध्याकाळी आपल्याकडे सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा तर कोणालाच दिसत नाही.

मग दाखवतात कशाला? अरुंधती वसिष्ठांची पतिव्रता पत्नी, तिच्यासारखी निष्ठा राहू दे म्हणून, जसा ध्रुव स्थैर्यासाठी. याला वेगळ्या विज्ञानाचा टेकू कशाला हवा? आणि आपल्याकडे अरुंधती न्याय आहेच, आधी जवळचं ठळक दाखवायचं आणि तिथून नजर बारीक गोष्टीवर न्यायची. आजीने गच्चीवर तेच केलं, आजही आकाश बघणारे असंच शिकवतात, ठळक ताऱ्यावरून मंद ताऱ्याकडे. पूर्वजांनी खरोखर जे बघितलं आणि बघायला शिकवलं ते हे आहे, ते सोडून त्यांच्या नावावर न बघितलेलं का खपवायचं?

एप्रिल-मेमध्ये रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला तोंड करून बघा, सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. साधी बायनॉक्युलर असेल तर दोघांच्या मधे थोडा बाजूला अजून एक मंद तारा दिसेल, तो या कुटुंबातला नाही, खूप मागे आहे. मामांनी दिसला म्हणून रात्री साडेदहाला फोन केला होता.