घरगुती बिअरच्या विक्रीविषयी खुलासा

अमेरिकेतील मराठी मंडळींमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे, की तिथे घरी बनवलेली बिअर वर्षाला २०० गॅलनपर्यंत कायदेशीरपणे विकता येते आणि केंद्रीय परवाना तर फुकटच मिळतो. यातला आकडा खरा असला, तरी अर्थ साफ चुकीचा आहे. १९७८ साली झालेल्या आणि १९७९च्या फेब्रुवारीत अमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने दिलेली ही सूट (एका प्रौढासाठी १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरासाठी २००) केवळ स्वतःच्या व कुटुंबाच्या वापरापुरती आहे. त्यातली एक बाटलीही विकता येत नाही.

विक्रीसाठी केंद्राकडे ब्रुअरी म्हणून अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. त्याला शुल्क नाही हे खरे, पण राहत्या घरात ब्रुअरी चालवता येत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. छोट्या उत्पादकाला ३१ गॅलनच्या पिंपामागे साडेतीन डॉलर केंद्रीय कर पडतो, म्हणजे पाच गॅलनच्या बादलीतून निघणाऱ्या सुमारे पन्नास बाटल्यांवर जेमतेम ५६ सेंट. खर्च वाढतो तो वेगळ्या जागेने आणि राज्याच्या स्वतंत्र परवान्याने, ज्याचे शुल्क राज्यागणिक बदलते. त्यामुळे हा संदेश वाचून ओळखीपाळखीत बाटल्या विकायला कृपया कोणी सुरुवात करू नये.