चालू आहे म्हणून स्वस्त आहे?

‘प्रणाली चालते आहे तोवर तिला हात लावू नका, खर्च वाचतो, जुनी प्रणाली पारखलेली असते आणि गरज पडली तर नवी केव्हाही घेता येते,’ हा सल्ला व्यवसायांतील जुन्या संगणकप्रणालींबाबत सर्रास दिला जातो. त्यातले तिन्ही दावे तपासून पाहण्याजोगे आहेत.

आधी खर्च. विंडोज 10 साठीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्या. त्यापुढेही त्या हव्या असलेल्या व्यवसायांसाठी मायक्रोसॉफ्टने पहिल्या वर्षाचा दर प्रति संगणक 61 डॉलर ठेवला, जो दरवर्षी दुप्पट होतो. म्हणजे 3 वर्षांत 427 डॉलर मोजूनही हाती तीच जुनी प्रणाली उरते. उशिरा सामील होणाऱ्याला मागील वर्षांचे पैसेही भरावे लागतात.

पारखलेपणाचा दावा वरवर पाहता सर्वांत पटणारा आहे, पण पारख होते ती नेहमीच्या कामाच्या भाराखाली. अमेरिकेतील कॉमएर या विमानकंपनीची कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणारी प्रणाली अनेक वर्षे सुरळीत चालली होती. तिच्यात महिन्याला जास्तीत जास्त 32,768 बदल नोंदवता येत, आणि ही मर्यादा कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. डिसेंबर 2004 मधील हिमवादळामुळे बदलांची संख्या तिथवर पोहोचली, प्रणाली बंद पडली आणि नाताळच्या दिवशीची सर्व, म्हणजे सुमारे 1,100 उड्डाणे रद्द करावी लागली. ती बदलण्याचा विचार कंपनीत आधीपासून होता. निर्णय तेवढा पुढे ढकलला जात होता.

‘केव्हाही घेता येते’ यात जाणकार माणसे तेव्हाही मिळतील असे गृहीत धरलेले असते. एप्रिल 2020 मध्ये बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या राज्यपालांना, तिथली जुनी प्रणाली ज्या भाषेत लिहिलेली होती त्या कोबोल या जुन्या संगणकभाषेच्या जाणकारांना जाहीर आवाहन करावे लागले होते.

बदलात जोखीम नसते असे मात्र मी म्हणणार नाही. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने 2018 मध्ये जवळजवळ सगळा कारभार एकाच झपाट्यात नव्या प्रणालीवर हलवला आणि लाखो ग्राहकांना आपलीच खाती वापरता येईनात. पण तिथे चाचण्या अपुऱ्या पडल्या होत्या. टप्प्याटप्प्याने, पुरेशा चाचण्या घेऊन बदल करायला जी सवड लागते, ती जुनी प्रणाली अजून धड चालत असतानाच मिळते.