'सगळं एकच' म्हणणाऱ्यांनो, तो टी वाचा!

तीन दिवस गेले माझे. तीन! फोंड्याजवळच्या एका काजू कारखान्यातलं पाकिटं मोजणारं जुनं मशीन बंद पडलं. बोर्डावर सगळ्या एलएस आयसी, म्हणजे टीटीएल या जुन्या पद्धतीच्या चिप, त्यातली एक ७४एलएस०० उडालेली. दहा मिनिटांचं काम. पणजीला दुकानात गेलो, तर एलएस शिल्लक नाही म्हणून ७४एचसी०० हातात ठेवली, म्हणजे तीच चिप पण सीमॉस पद्धतीची. मी विचारलं, "एचसीटी आहे का?" उत्तर आलं, "पात्रांव, सगळें एकूच!"

कसं एकच? पायांची मांडणी एक, आतली चार नँड गेटंही (दोन इनपुटांवरून एक आउटपुट ठरवणारी सर्किटं) तीच. पण व्होल्टेजचं काय? पाच व्होल्ट सप्लायवर एचसीला इनपुट 'हाय' (म्हणजे १) समजायला ३.५ व्होल्ट लागतात. मागची एलएस हमी देते फक्त २.७ व्होल्टची! एलएसच्या पुढे एलएस असती तर तिला २ व्होल्टही पुरतात, म्हणजे ०.७ व्होल्ट हाताशी उरतात. इथे उलट ०.८ व्होल्टचा खड्डा. एचसीटीला टीटीएलसारखेच २ व्होल्ट चालतात. तो टी त्यासाठीच आहे.

आणि हा दोष लगेच दिसतही नाही, हेच संतापजनक आहे. नाइलाजाने ती एचसीच बसवली, तर माझ्या टेबलावर बोर्ड झकास चालला, कारण प्रत्यक्षात गेट अडीच व्होल्टच्या आसपासच पलटतं आणि मला पायावर ३.३ मिळत होते. कारखान्यात बसवला, पट्ट्याची मोटर सुरू झाली आणि मोजणी भरकटली. शंभर पाकिटांची एकशे सात! मालक माझ्याकडे चोरासारखं बघतोय. मी वायरिंग तपासलं, सेन्सर बदलला, सप्लायचा कपॅसिटर बदलला. पावसात दोन खेपा मारल्या.

शेवटी बोर्ड उलटा केला. न वापरलेल्या गेटचे १२ आणि १३ नंबरचे पाय मोकळे. टीटीएलमध्ये मोकळा पाय 'हाय' धरला जातो, म्हणून जुन्या माणसाने तसेच सोडले असणार. सीमॉसमध्ये तो पाय अधांतरी राहतो. १३ जवळ नुसतं बोट नेलं तर ११ नंबरवर आउटपुट नाचायला लागलं! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ते दोन्ही पाय ग्राउंडला जोडले, एलएसकडून येणाऱ्या प्रत्येक लाइनवर पाच व्होल्टकडे २.२ के चा रेझिस्टर लावला. मोजणी बरोबर. रेझिस्टर काही रुपयांचे, आणि माझे तीन दिवस गेले त्यांच्यापायी.

काल पुन्हा त्याच दुकानात गेलो. एकाच खणात एलएस, एचसी, एचसीटी, सगळं मिसळलेलं, वर चिठ्ठी फक्त '७४००'. अहो, माल नसेल तर नाही म्हणा ना! मी बेळगावहून मागवीन, आठवडा थांबेन. पण डेटाशीटचं एक पान न उघडता दुसऱ्याच्या मशीनवर "एकूच" म्हणू नका. मी काउंटरवर उभं राहून तो अख्खा खण तीन पिशव्यांत निवडून दिला आणि प्रत्येक पिशवीवर मार्करने नाव घातलं. एचसीटी खरंच होत्या. चार. पहिल्या दिवशीही तिथेच पडल्या असणार.