दोन पायल्या नाचणा

शहापुरातल्या आमच्या कट्ट्यावर परवा चहा यायच्या आधीच सुन्या सुरू झाला. मिलेट मेळ्यातून थेट आलेला. हातात पिशवी, पिशवीवर कन्नडात ‘सिरिधान्य’, म्हणजे भरडधान्य.

"तांदूळ म्हणजे विष. आजपासून घरात राळे नायतर सावे."

"बेळगावात राहून बासमतीला विष म्हणायलास?" बसू म्हणाला. "बासमती पिकवणाऱ्या येळ्ळूरकडं बोलू नको हे, मार खाशील."

गेल्या महिन्यात शुगर निघाल्यापासून सुन्याचं हे असं. त्याआधी कुंद्याचा डबा एकट्यानं संपवायचा.

मारुतीतात्या खानापूरकडचे, नाचण्याचे शेतकरी. त्यांनी तंबाखू मळत विचारलं, "राळे सडून कोण देणार रे तुला?"

"मशीन असतंय की, तात्या."

"आमच्या गावात न्हाई. जोंधळा, नाचणा मळला की गिरणीत जातो. राळ्या-साव्यांना टणक टरफल. आई उखळात कांडायची, अख्खी सकाळ जायची. मग रेशनचा तांदूळ आला. बायकांचे हात सुटले, राळं सुटलं. तुमच्या मेळ्यात हे कुणी बोललं?"

मेळ्यात म्हणे सेल्फी पॉइंट होता.

बसू मेडिकलात काम करतो, त्यामुळं त्याचं आम्ही ऐकतो. "नाचण्याचं खरं आहे. १०० ग्रॅममागं कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तांदळात दहा निघालं तरी खूप. जोंधळ्यात चोथा जास्त, पोट धरून राहतं. पण पिष्ट त्यातबी आहेच. चार भाकऱ्या हाणून शुगर उतरत न्हाई. आणि राळ्याचा कोंडा काढून पांढरंफेक केलंस, तर मग तांदळानंच काय घोडं मारलंय?"

"अरे, २०२३ साली अख्ख्या जगानं मिलेट वर्ष पाळलं!"

"पाळलं," तात्या म्हणाले. "त्याच वर्षी तू माझ्याकडनं दोन पायल्या नाचणा नेलास. पैसे?"

सुन्या चाचरला. "तो... किडका होता, तात्या."

"नाचणा? किडका?" तात्या कट्ट्यावरून उठलेच. "वर्षानुवर्षं कणगीत ठेव, कीड तोंड लावत न्हाई त्याला! खोटं बोलायचं तर तांदळाबद्दल तरी बोल."

मग सगळंच निघालं. लहानपणी भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी हा गुपचूप गाईला घालायचा, ते. परवा मॉलमधून जोंधळ्याच्या पिठाचं पाकीट आणलं, ते. पीठ जुनं, विरी म्हणजे चिकटपणा गेलेलं. वहिनींनी थापायला घेतलं तर परातीतच तुकडे. त्यांनी परात सुन्यापुढं सरकवली म्हणे, "घ्या, तुम्हीच थापा आरोग्य."

एवढं होऊनही सुन्यानं पिशवीतून नाचणी बिस्किटांचा पुडा काढला. बसूनं उलटा करून वाचला. "मैदा. साखर. तेल. मग नाचणी. वजनानं जास्त ते आधी लिहायचं, असा नियम आहे बघ."

"म्हणजे शुगरवाल्याला दोन नंबरला साखर," तात्या.

तेवढ्यात चहा आला. सुन्यानं तोऱ्यात बिनसाखरेचा घेतला, त्यात बिस्कीट बुडवलं. अर्धं तुटून कपात गेलं.

"विरी गेली!" बसू ओरडला. पोरं हसून हसून कट्ट्यावरून खाली आली, तात्यांनाही ठसका लागला. त्या गोंधळात दोन पायल्यांचे पैसेही पुन्हा बुडाले.