सेंट मार्टिनहून शेजारच्या बेटावर जाताना पासपोर्ट लागतोच

‘सेंट मार्टिनला एकदा उतरलात की आसपासची सगळी बेटं त्याच व्हिसावर, पासपोर्ट हॉटेलातच ठेवा, आणि दिवसभराच्या सहलीला सेंट बार्ट्सच घ्या, बोट एकदम निवांत’ असा संदेश अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये फिरतो आहे. त्यात खरं एवढंच, की कॅरिबियन समुद्रातल्या सेंट मार्टिन बेटाच्या फ्रेंच आणि डच भागांमधली हद्द मोकळी आहे. १६४८ च्या तहापासूनची ही सोय किनारा सोडला की संपते.

अँग्विला ब्रिटिश आहे. सेंट मार्टिनच्या फ्रेंच भागातल्या मारिगो बंदराहून बोट वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचते, पण पासपोर्ट दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. सेंट बार्ट्स फ्रेंच असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या क्षेत्रात, नाही. पॅरिससाठी काढलेला व्हिसा तिथे आपोआप चालेल असं धरू नका. भारतीय पासपोर्टवाल्यांनी, ग्रीन कार्ड असलं तरी, प्रत्येक बेटाचा नियम वेगळा तपासावा.

आता ती ‘निवांत’ बोट! सेंट बार्ट्स आग्नेयेला, आणि इथले वारे बाराही महिने पूर्वेकडून. त्यामुळे जाताना पाऊण-एक तास बोट लाटांवर आपटत जाते. नाताळच्या सुमारास, म्हणजे नेमकी सुट्टी असते तेव्हा, वारा आणखी चढतो. येताना त्रास कमी. बोट लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी, किंवा सरळ अँग्विला निवडावं; तिथल्या शोल बे किनाऱ्याची पांढरी वाळू माझ्या मते कुठेही कमी नाही. जवळच्याच साबा बेटावर मात्र समुद्रस्नानाच्या आशेने जाऊ नका. तो ज्वालामुखीचा उभा डोंगर आहे, चढणाऱ्यांसाठी आणि डायव्हिंग करणाऱ्यांसाठी.