शेवट २०१३ लाच फोडलाय की!
'गेम ऑफ थ्रोन्स' आणि तिची आधीची कथा सांगणारी 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' या मालिकांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय, 'हाऊस ऑफ द ड्रॅगन'मध्ये शेवटी राणी ऱ्हेनिराच सिंहासनावर टिकणार. काय राव! 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या तिसऱ्या सीझनमध्ये (२०१३) राजा जॉफ्री त्याच्या होणाऱ्या बायकोला, मार्जरीला, चवीनं सांगतो, की ऱ्हेनिराला तिच्याच भावाच्या ड्रॅगननं तिच्या पोराच्या डोळ्यांदेखत खाल्लं. मग भविष्य कसलं वर्तवताय? रंकाळ्यावर आमच्या ग्रुपात भांडण आहे ते वेगळंच, की ते पोरगं कुठलं. मी म्हणतो, ऱ्हेनिराचा मुलगा धाकटा एगॉन.

'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये प्रवासाच्या वेळेचा घोळ आहे, हे मात्र लेखकाचं बरोबर. सातव्या सीझनमध्ये गेंड्री मदत मागायला उत्तरेतल्या बर्फाच्या भिंतीपर्यंत पळतो, तिथनं निरोप्या कावळा लांब ड्रॅगनस्टोनच्या किल्ल्यावर राणी डेनेरिसकडे जातो, ती ड्रॅगनवर उडत येते, आणि तोवर बर्फात अडकलेली मंडळी जिवंत! आमची पन्हाळ्याची एसटी बी (स्टँडवरनं सुटली तर) एवढी जोरात पळत नाही.