चर्चचा कर आणि चर्चची बाकं

काल वसईहून मित्राचा मेसेज आला: ‘काय रे, जर्मनीत चर्चं ओस पडलीत म्हणे? धर्मगुरूंच्या त्या सगळ्या अत्याचारांच्या भानगडींमुळेच ना?’ दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून इथे लिहितोय.

इथे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात पत्त्याची नोंदणी करायला गेलो. फॉर्मवर धर्माचा रकाना. वसईतल्या नंदाखालसारख्या कॅथलिक गावचा पोरगा दुसरं काय लिहिणार? रोमन कॅथलिक, ठळक अक्षरात. पहिल्या पगाराच्या स्लिपवर ‘किर्खनश्टॉयर’ अशी ओळ दिसली तेव्हा उजेड पडला. चर्चचा कर! आयकराच्या ९ टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये ८. सरकार पगारातूनच कापतं आणि चर्चला देतं. नको असेल तर आमच्या राज्यात कोर्टात जायचं, ३० युरो भरायचे आणि चर्च सोडल्याचं लिहून द्यायचं. आपल्याकडे माणूस फादरवर रुसला तर गुपचूप घरी बसतो, त्याची कुठे नोंद होत नाही. इथे होते.

त्यामुळे आकडे चोख मिळतात. २०२२ या एका वर्षात ५,२२,८२१ कॅथलिकांनी चर्च सोडलं. कारणं सगळ्यांना पाठ आहेत. बिशपांनीच करून घेतलेल्या २०१८च्या अभ्यासात १९४६ ते २०१४ या काळातली लैंगिक अत्याचाराची ३,६७७ पीडित मुलं आणि आरोप असलेले १,६७० धर्मगुरू निघाले, तेही फक्त कागदोपत्री सापडलेले. पुढे कोलोनच्या आर्चबिशपांनी याच विषयावर स्वतःच मागवलेला पहिला अहवाल जाहीरच केला नाही. तिथल्या कोर्टात चर्च सोडायच्या अपॉइंटमेंट मिळेनाशा झाल्या. जानेवारी २०२२मध्ये म्युनिकचा अहवाल आला आणि त्यात थेट माजी पोप बेनेडिक्ट यांच्यावर अशी प्रकरणं चुकीची हाताळल्याचा ठपका. शिवाय स्त्रियांचं स्थान, धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य, समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद यांवर बिशप आणि सामान्य भाविक २०१९पासून एकत्र बसून वाद घालत होते, आणि रोम कपाळाला आठ्या घालून बघत होतं.

आता गंमत बघा. त्याच २०२२मध्ये रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, येणारे कॅथलिक होते ५.७ टक्के. २०२३मध्ये ६.२, २०२४मध्ये ६.६. या दोन वर्षांत आणखी सात लाखांवर लोक गेले आणि टक्का वाढला! कोविडची भीती ओसरली हे एक, आणि भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे एकूण कॅथलिकांची संख्या, घटली हे दुसरं. १९९०मध्ये हाच टक्का २२च्या आसपास होता. म्हणजे बाकं रिकामी झाली ती या अहवालांच्या कितीतरी आधी, कसलाही गाजावाजा न होता. मला विचाराल तर नंतर गेलेल्यांपैकी बहुतेकांनी पगाराच्या स्लिपवरची एक ओळ सोडली. रविवार त्यांनी केव्हाच सोडला होता.

पण सगळ्यांना हे लागू नाही, आणि खरं दुखणं तिथेच आहे. आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, एक बाई होती, माझ्या आईच्या वयाची. चाळीस वर्षं गात होती, पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी, मुलांची तयारी करून घ्यायची. माझे जर्मन उच्चार तिनेच सुधारले, प्रत्येक ‘ऊमलाउट’ला (डोक्यावर दोन टिंबं असलेल्या स्वराला) ओठांचा चंबू करून दाखवत. २०२१मध्ये तिने कोर्टात जाऊन सही केली. भांडली नाही, फादरना स्वतः भेटून सांगितलं. असा एक माणूस गेला की हजार करदाते गेल्यापेक्षा मोठं भगदाड पडतं, पण आकड्यांत ती फक्त एक.

चर्च सोडलेल्याला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर, मिळत नाही, जर्मन बिशपांचा २०१२चा नियमच आहे तसा. ती अजूनही अधूनमधून मिस्सेला येते. शेवटच्या बाकावर बसते. ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळे रांगेत पुढे जातात तेव्हा पाय बाजूला घेऊन वाट देते.

इथे हजेरी वर्षातून दोनदाच मोजतात, उपवासकाळातल्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी. गेल्या नोव्हेंबरात आमचे एक आजोबा मागे उभे राहून बोटाने डोकी मोजत होते. शेवटच्या बाकाशी क्षणभर थांबले, तिच्याकडे बघून हसले आणि तिलाही मोजलं.